ओट्स-फळांचे मफिन आतून चिकट का राहतात आणि ते कसे टाळावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वाट्या कणीक, एक वाटी ओट्स, तीन पिकलेली केळी, एक किसलेले सफरचंद, एक वाटी गूळ, पाव वाटी तेल, एक वाटी दूध आणि दोन चमचे खाण्याचा सोडा हे सारे एकत्र करून ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, १८० अंश सेल्सिअसवर पस्तीस मिनिटे भाजले. मफिन वरून काळपट झाले, आतून चिकट राहिले, चवीला किंचित साबणासारखे लागले आणि दुसऱ्या दिवशी कडक झाले. मुलांच्या डब्यासाठी पौष्टिक खाऊ हवा आहे, घरात अंडी न खाणारी मंडळी आहेत आणि सासूबाईंना मधुमेह असल्याने गुळाचे मफिन त्यांना चालतील का, हेही विचारले आहे.

साबणासारख्या चवीचे आणि काळपट रंगाचे कारण एका वाक्यात सांगता येते, ते म्हणजे सोडा गरजेच्या चौपट-पाचपट पडला आहे. त्याविषयी पुढे लिहिते. मात्र आतला चिकटपणा आणि दुसऱ्या दिवशीचा कडकपणा ही दोन्ही दुखणी सोड्याची नाहीत, ती पाण्याची आहेत. ओट्स हे धान्य पाणी सावकाश पितात आणि भरपूर पितात, फळे पाणी सावकाश सोडतात आणि भरपूर सोडतात. या दोघांचा मेळ भट्टीत आपोआप बसेल असे गृहीत धरले की मफिन हमखास फसतात. तो मेळ मिश्रण भट्टीत जाण्यापूर्वीच बसवावा लागतो. माझ्या वर्गात ओट्सच्या मफिनची कृती शिकवताना मी सर्वाधिक वेळ याच एका गोष्टीवर घालवते.

तुमच्याच कृतीचा हिशोब मांडून पाहू. नेहमीची दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तर दोन वाट्या कणीक साधारण १७५ ग्रॅम आणि एक वाटी ओट्स साधारण ६० ग्रॅम भरतात, म्हणजे कोरडे धान्य सुमारे २३५ ग्रॅम झाले. आता पाणी पाहा. पिकलेल्या केळ्यात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, त्यामुळे तीन केळ्यांच्या ३०० ग्रॅम गरातून सव्वादोनशे ग्रॅम पाणी आले. दुधातून १३० ग्रॅम आले. सफरचंदात पाणी पंच्याऐंशी टक्के असते आणि ते किसल्यावर जवळजवळ सगळे मोकळे होते, म्हणजे आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम. एकूण पाणी धान्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. ओट्स आणि कणीक यांच्या मफिनमध्ये हे प्रमाण धान्याच्या दीडपट असावे, फार तर त्याहून थोडे अधिक. दुप्पट पाण्याचे मिश्रण कितीही वेळ भाजले तरी मधला भाग ओलसर खिरीसारखा राहतो आणि कडा मात्र वाळत जातात.

ओट्सचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय हा हिशोब हाताशी लागत नाही. ओट्समध्ये गव्हासारखे लवचिक जाळे विणणारे ग्लुटेन नसते. त्याऐवजी त्यात बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो, जो ओल लागली की फुगून बुळबुळीत, दाट रस तयार करतो. ओट्सच्या पेजेला येणारा दाटपणा बऱ्याच अंशी त्याचाच. हा तंतू आरोग्याला उपकारक आहे आणि मफिनला ओलावा देतो, पण कोरडे ओट्स शेवटी मिश्रणात टाकून लगेच भाजले तर एकीकडे दाण्याच्या मधोमध कोरडेपणा राहतो आणि दुसरीकडे बाहेरचा रस चिकटून बसतो. पुढे गार झाल्यावरही तेच ओट्स आणि कणकेतला कोंडा आजूबाजूच्या भागातले पाणी ओढत राहतात. दुसऱ्या दिवशी मफिन कडक लागण्याचे हे मुख्य कारण आहे.

उपाय सोपा आहे, फक्त त्याला धीर लागतो. ओट्स आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटे कोरडे भाजावेत. रंग फार बदलता कामा नये, भाजक्या धान्याचा खमंग वास सुटला आणि चिमटीत घेतलेली पाकळी मऊ न दबता तुटली की गॅस बंद करावा. भाजल्याने चव तर खुलतेच, शिवाय बुळबुळीतपणाही कमी होतो. ओट्स पूर्ण गार झाल्यावर ते दह्यात भिजत घालावेत. जाड पाकळ्यांचे ओट्स असतील तर अर्धा-पाऊण तास, झटपट शिजणारे बारीक ओट्स असतील तर दहा-पंधरा मिनिटे पुरतात. भिजले की नाही हे घड्याळापेक्षा भांड्यात पाहून ठरवावे. वरचे सुटे दही नाहीसे झालेले असते, चमच्याने मध्ये चर पाडला तर तो क्षणभर टिकतो आणि मग कडेने सावकाश मिटतो, आणि एक पाकळी बोटांत चुरली तर मध्ये पांढरा कोरडा ठिपका दिसत नाही. ठिपका दिसला तर आणखी दहा मिनिटे थांबावे.

कोणते ओट्स घ्यावेत, हा प्रश्न नेहमी येतो. जाड पाकळ्यांचे, म्हणजे रोल्ड ओट्स, मला सर्वांत आवडतात, कारण भिजूनही त्यांचा दाणा खाताना जाणवतो. आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळणारे पांढरे, बारीक ओट्स बहुधा झटपट शिजणारे असतात आणि तेही चालतात, फक्त ते जास्त वेळ भिजवले तर त्यांचा लगदा होतो. स्टील कट ओट्स म्हणजे दाण्याचे तुकडे. ते भिजूनही कचकचीत राहतात, म्हणून मफिनसाठी घेऊ नयेत. मसाला ओट्सचा इथे काहीही उपयोग नाही. ओट्समध्ये इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश अधिक असतो आणि उघडे राहिलेले पाकीट पावसाळ्यात लवकर खवट होते, म्हणून वापरण्यापूर्वी वास घ्यावा आणि उरलेले ओट्स घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. खवट ओट्सची चव गूळ, वेलची, दालचिनी कशानेही झाकली जात नाही.

आता फळांकडे वळू. मफिनमध्ये फळ दोन वेगळी कामे करते आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत. कुस्करलेला गर हा मिश्रणाचा भाग होतो, म्हणून त्याचे पाणी हिशोबात पूर्ण धरावे. फोडी मात्र आपले पाणी बऱ्याच प्रमाणात स्वतःतच धरून ठेवतात. त्यामुळे सफरचंद किसण्याऐवजी त्याच्या एक सेंटीमीटरच्या, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढ्या, फोडी केल्या तर तेच फळ मिश्रण पातळ करत नाही आणि खाताना रसरशीत घास देते. किसायचेच असेल तर कीस मुठीत घट्ट पिळून घ्यावा आणि तो रस दह्याच्या जागी तेवढ्याच मापाने वापरावा.

गरासाठी केळ्याइतके सोयीचे फळ नाही. साल पिवळी असताना केळ्यात पिष्ट (स्टार्च) बरेच शिल्लक असते. सालीवर काळे ठिपके दाट पसरले की त्याचे साखरेत रूपांतर झालेले असते, गर सुगंधी होतो आणि गूळ कमी घालता येतो. जळगावकडची लांब केळी घेतली तर एका मध्यम केळ्याचा गर सुमारे १०० ग्रॅम निघतो. वेलची केळी लहान पण अधिक गोड असतात, म्हणून ती नगावर न मोजता तोलून घ्यावीत. केळे काट्याने कुस्करावे, मिक्सरमध्ये फिरवू नये, कारण मिक्सरमधला गर एकजीव होऊन पातळ होतो आणि मिश्रण जड करतो.

चिकू केळ्याची जागा उत्तम घेतो. डहाणू-घोलवडचा पूर्ण पिकलेला चिकू साल काढून चमच्याने कुस्करला तर केळ्याच्याच मापाने वापरता येतो आणि गुळाबरोबर त्याची चव विलक्षण जुळते. अर्धकच्चा चिकू मात्र तुरट लागतो आणि तो तुरटपणा भाजूनही जात नाही. हापूसच्या रसात पाणी केळ्यापेक्षा अधिक असते, म्हणून तो आधी आटवावा. साधारण २२० ग्रॅम रस मंद आचेवर ढवळत १५० ग्रॅमपर्यंत आणला की गार करून वापरावा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी देखणी असते, पण तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तिचे दोन-चार तुकडे करून ताटात पसरून ओव्हनमध्ये १५ मिनिटे भाजून घेतली तर रस आटतो आणि चव गडद होते. मिश्रणात सोडा जास्त असेल तर स्ट्रॉबेरीच्या तुकड्यांभोवती करडी-निळसर कडा दिसू लागते, कारण तिचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि अल्कात, म्हणजे सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, बदलतो. तशी कडा दिसली तर पुढच्या वेळी सोडा कमी करावा, इतका तो स्पष्ट इशारा आहे.

अननस कच्चा घालू नये. त्यातले ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) दह्यातली प्रथिने तोडते आणि मिश्रणाला कडवट चव येते. फोडी पाच मिनिटे शिजवून निथळून घेतल्या तर हा त्रास राहत नाही. सीताफळ मी मफिनमध्ये घालत नाही आणि कोणालाही सुचवत नाही. त्याचा गर तापवला की कडवट होतो आणि रंगही बिघडतो, म्हणून ते बासुंदीत गार झाल्यावर घालण्याचीच पद्धत योग्य आहे. नागपुरी संत्र्याच्या पाकळ्या पाणी फार सोडतात, पण त्याची वरची केशरी साल बारीक किसणीने अलगद किसून गुळात चोळली तर सगळ्या घरात वास दरवळतो. आतला पांढरा भाग किसणीत येऊ देऊ नये, तो कडू असतो.

सुकामेव्याचे गणित उलटे आहे. मनुका आणि सुके अंजीर मिश्रणातून पाणी ओढून घेतात, म्हणून ते कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, निथळून, कापडावर टिपून मगच घालावेत. वर दिसणाऱ्या मनुका भट्टीत फुगून जळतात आणि कडू होतात, त्या बोटाने मिश्रणात दाबून टाकाव्यात. फळे तळाशी बसतात, ही तक्रारही बऱ्याच जणी करतात. फोडींना पिठात घोळवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण त्याने थोडाच फरक पडतो. खरे कारण मिश्रण पातळ असणे किंवा फोडी मोठ्या असणे हेच असते. मिश्रण दाट असेल तर लहान फोडी जागच्या जागी राहतात. मी थोड्या फोडी बाजूला ठेवून साचे भरल्यावर वरून पेरते, म्हणजे प्रत्येक मफिनमध्ये त्या सारख्या येतात.

पिठाबद्दल एक बाब लक्षात ठेवावी. आपल्या गिरणीत दगडी जात्यात दळलेल्या कणकेतल्या पिष्टाचे कण दळताना बरेच फुटतात आणि असे पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. पोळी मऊ होते ती त्यामुळेच. परदेशी कृतीत मैदा लिहिलेला असताना तेवढीच कणीक घातली तर मफिन घट्ट होण्याचे कारण हेच आहे. कणीक बारीक चाळणीने दोनदा चाळावी, जाड कोंडा उरला तर तो फेकू नये, ओट्सबरोबर दह्यात भिजत घालावा. खपली गहू मिळत असेल तर तो आवर्जून वापरावा. त्याचे ग्लुटेन दुबळे असते, ते पोळीला अडचणीचे ठरते पण मफिनला उपकारक होते, आणि त्याची किंचित गोडसर चव ओट्सशी छान जुळते.

गूळ चिरून किंवा पावडरीच्या रूपात घ्यावा. खडे राहिले तर ते वितळून मफिनच्या तळाशी चिकट डाग पडतात, म्हणून चिरलेला गूळ थोड्या कोमट तेलात व केळ्याच्या गरात मिसळून पूर्ण विरघळवावा आणि कचरा दिसला तर गाळून घ्यावा. गूळ आणि गरम दूध एकत्र आले की दूध फाटण्याचा संभव असतो. या कृतीत मी दुधाऐवजी दही वापरते, त्याचे एक कारण हे आहे आणि दुसरे कारण सोड्याशी जोडलेले आहे.

खाण्याचा सोडा आम्लाशी संयोग झाल्यावरच नीट काम करतो. दही, केळे आणि थोड्या प्रमाणात गूळ यांचे आम्ल त्याला मिळते, त्यातून कर्बवायू सुटतो आणि मिश्रण फुलते. आम्लाच्या मानाने सोडा जास्त झाला तर उरलेला सोडा उष्णतेने धुण्याच्या सोड्यात रूपांतरित होतो, त्याचीच ती साबणासारखी चव असते, आणि अल्कधर्मी मिश्रणाचा वरचा भाग लवकर काळवंडतो. आंबटसर दह्याची एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा सोडा पचवू शकते. तुमच्या कृतीत दही नव्हतेच आणि सोडा दोन चमचे होता. उरलेली फुगवण बेकिंग पावडरने घ्यावी, कारण तिच्यात आम्ल आणि सोडा दोन्ही असतात आणि ती भट्टीत तापल्यावरही काम करते. पावसाळ्यात ही पावडर ओल धरून निकामी होते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी, जोरात फसफसली नाही तर नवी आणावी.

आता प्रमाणे देते. ही बारा मध्यम मफिनसाठी, म्हणजे सात सेंटीमीटर तोंडाच्या साच्यांसाठी आहेत. जाड ओट्स १०० ग्रॅम, किंचित आंबट घरचे दही १८० ग्रॅम, चाळलेली कणीक १३० ग्रॅम, गूळ ११० ग्रॅम, शेंगदाण्याखेरीज कोणतेही सौम्य वासाचे तेल ६५ मिलिलिटर, अंडी दोन, केळ्याचा गर १५० ग्रॅम, सफरचंदाच्या फोडी १०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, सोडा अर्ध्या चमच्यापेक्षा किंचित कमी म्हणजे २ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, आणि दालचिनीची पूड एक चमचा किंवा वेलची-जायफळ आवडीप्रमाणे. चहाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा, सपाट भरलेला. वाट्या घराघरांत वेगळ्या असतात, म्हणून स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. या एका वस्तूने भट्टीतले जितके प्रश्न सुटतात तितके महागड्या ओव्हननेही सुटत नाहीत.

ओट्स दह्यात भिजले की ओव्हन तापत ठेवावा आणि मगच पुढचे काम सुरू करावे. गूळ, गर आणि तेल एकत्र करून त्यात अंडी फेटून घालावीत आणि हे सारे भिजलेल्या ओट्समध्ये मिसळावे. दुसऱ्या भांड्यात कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाला एकत्र चाळावा. कोरडे मिश्रण ओल्यात एकदम घालून रबरी चमच्याने तळापासून वर उचलत दहा-बारा वेळाच फिरवावे. पीठ कोरडे दिसेनासे झाले की हात थांबवावा, लहान गुठळ्या राहिल्या तरी हरकत नाही. जास्त घोटले तर कणकेचे ग्लुटेन ताणले जाते, मफिन चिवट होते आणि कापल्यावर आत उभी लांबट भोके दिसतात. शेवटी फोडी घालून दोन-तीन वेळा उलथापालथ करावी. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवे, चमचा वाकडा केला तर धार न लागता ते गोळ्याने पडावे. फार घट्ट वाटले तर दोन चमचे दूध घालावे. सैल वाटले तर पीठ न वाढवता पाच मिनिटे थांबावे, ओट्स आणि कणीक उरलेले पाणी ओढून घेतात.

कमी तेलाचे मफिन कागदी कपाला चिकटतात, म्हणून कपाच्या आतून तेलाचा ब्रश फिरवावा. साचे तीन चतुर्थांश भरावेत. ओटीजी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तापणाऱ्या कांड्यांवर २०० अंशांना पंधरा मिनिटे तापवून मधल्या कप्प्यात ट्रे ठेवावा. पहिली सात मिनिटे २०० अंशच ठेवावे, त्या जोरदार उष्णतेने मफिन डोके वर काढते, आणि मग १८० अंशांवर आणून आणखी तेरा ते पंधरा मिनिटे भाजावे. लहान ओटीजीमध्ये वरची कांडी जवळ असते. रंग लवकर येऊ लागला तर शेवटची पाच मिनिटे फक्त खालची कांडी चालू ठेवावी. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर तो कन्व्हेक्शन पद्धतीवरच चालवावा. एअर फ्रायरमध्ये १६० अंश पुरतात, पण एका वेळी चार-पाचच मफिन ठेवावेत आणि हवा खेळती राहू द्यावी.

मफिन झाले का, हे पाहताना टोचलेली काडी पूर्ण कोरडी येण्याची वाट पाहू नये. ओट्सच्या मफिनमध्ये काडीला दोन-चार ओलसर कण चिकटतात, ते चालतात, पण चकचकीत ओले मिश्रण चिकटता कामा नये. वरून बोटाने हलके दाबले तर खड्डा पुन्हा भरून आला पाहिजे. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ अंशांच्या आसपास तापमान यावे. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांनी मफिन ट्रेमधून जाळीवर काढावेत, नाहीतर तळाला घाम सुटतो. गरम मफिन लगेच मोडून पाहण्याचा मोह टाळावा. आतले पिष्ट गार होतानाच बसते, म्हणून चांगले भाजलेले मफिनसुद्धा गरम असताना आतून चिकट दिसते. किमान चाळीस मिनिटे थांबावे. माझ्या मते या मफिनची खरी चव दुसऱ्या दिवशी सकाळी येते, तोवर मसाला मुरतो आणि ओलावा सगळीकडे सारखा पसरतो.

अंडी न घालता करायचे असतील तर दोन चमचे जवसाची ताजी पूड सहा चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावी आणि दही ५० ग्रॅमने वाढवावे. इथे चमचा म्हणजे मोठा, पंधरा मिलिलिटरचा. मात्र जवससुद्धा ओट्ससारखाच बुळबुळीत रस सोडतो. दोन्ही एकत्र आले की चिकटपणा पुन्हा डोके वर काढतो, म्हणून ओट्स २० ग्रॅमने कमी करून कणीक तेवढीच वाढवावी आणि १८० अंशांवरचे भाजणे तीन-चार मिनिटांनी लांबवावे. हे मफिन अंड्याच्या मफिनइतके उंच होत नाहीत, तो त्यांचा दोष मानू नये.

पौष्टिकतेबद्दल नीट बोलले पाहिजे, कारण ओट्सच्या नावावर खूप काही खपवले जाते. वरच्या प्रमाणातल्या एका मफिनमध्ये साधारण १८० ते १९० कॅलरी येतात, सुमारे ९ ग्रॅम गूळ आणि एक चहाचा चमचा तेल असते. ओट्समधल्या बीटा-ग्लुकनमुळे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, ही बाब अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्य केली, पण त्यासाठी संपृक्त स्निग्धांश कमी असलेल्या आहाराबरोबर दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते. ओट्समध्ये ते साधारण चार टक्के असते, म्हणजे एका मफिनमधल्या आठ-साडेआठ ग्रॅम ओट्समधून एक तृतीयांश ग्रॅमच मिळते. तेव्हा मफिन हे औषध म्हणून खाऊ नये. बाजारातल्या मैद्याच्या, साखरेच्या कपकेकपेक्षा पुष्कळ चांगला, तंतू आणि फळे असलेला डब्यातला खाऊ म्हणून खावे, आणि त्या अर्थाने ते मुलांना निःशंकपणे द्यावे.

सासूबाईंसाठी माझे उत्तर स्पष्ट आहे. गूळ नैसर्गिक असला तरी तो रक्तातली साखर साखरेसारखीच वाढवतो, आणि खजुराचेही तेच आहे. गूळ ७० ग्रॅमपर्यंत कमी करून, केळ्याऐवजी सफरचंदाच्या फोडी वाढवून आणि ४० ग्रॅम अक्रोड घालून मफिन करता येतात. गर गेल्याने मिश्रण घट्ट होते, तेव्हा दही ९० ग्रॅमने वाढवावे. गूळ याहून कमी केला तर मफिन फिकट, कोरडे आणि चिवट होते, कारण गोडीबरोबर ओलावा धरण्याचे कामही गूळच करतो. अर्धे मफिन जेवणाच्या वेळेत धरून द्यावे की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. घरात कोणाला सेलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा, त्रास असेल तर ही कृती करूच नये. त्यात कणीक आहेच, शिवाय साधे ओट्ससुद्धा बहुतेकदा गव्हाच्या संपर्कात आलेले असतात.

साठवणीत हवामान पाहावे. पुण्याच्या कोरड्या थंडीत हे मफिन डब्यात दोन दिवस बाहेर राहतात. मुंबई-कोकणात आणि सगळीकडच्या पावसाळ्यात ते दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर ठेवू नयेत, फळांच्या ओलाव्यावर बुरशी फार लवकर धरते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ते खराब होत नाहीत पण लवकर कडक होतात, कारण त्या तापमानाला पिष्ट पुन्हा घट्ट होण्याची क्रिया सर्वांत वेगाने होते. म्हणून ज्या दिवशी केले त्याच दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, जास्तीचे मफिन एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावेत. तिथे ते दोन महिने सहज टिकतात. शाळेच्या डब्यासाठी रात्री बाहेर काढून ठेवले तर सकाळपर्यंत मऊ होतात. घाई असेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे गरम करावेत आणि मध्ये एकदा उलटावेत.